लायब्ररी नवी, मशीन जुनं: दर काही रिलीजनंतर उगवणारी तीच अडचण

लक्षण ओळखीचं आहे. आपल्या लॅपटॉपवर प्रोग्राम नीट चालतो, बिल्ड सर्व्हरवर सगळ्या टेस्ट पास होतात, रिलीज जातं आणि मग तक्रार येते: जुन्या सर्व्हरवर, जुन्या विंडोजवर किंवा जुन्या फोनवर प्रोग्राम सुरूच होत नाही. आपल्या कोडमधला बदल किरकोळ असतो. सोबत एखादी नवी लायब्ररी आलेली असते, नाहीतर आधीच्या लायब्ररीचा आकडा वर सरकलेला असतो. कोणीतरी ती लायब्ररी एक व्हर्जन मागे नेतं, तक्रार मिटते, आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच लायब्ररीच्या निमित्ताने सगळं पहिल्यापासून.

दर वेळी कारण वेगळं निघतं, म्हणून ही वेगवेगळी दुखणी वाटतात. मुळात दुखणं एकच आहे. आपला प्रोग्राम कमीत कमी कशावर चालला पाहिजे हे प्रोजेक्टमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे ती मर्यादा ठरवण्याचं काम नकळत बाहेरच्या लायब्ररींकडे गेलेलं असतं. जुना प्लॅटफॉर्म सोडायला माझी हरकत नाही. कधी ना कधी तो सोडावाच लागतो. पण आपण ठरवून सोडावा. डिपेंडन्सीच्या (आपण वापरतो त्या लायब्ररीच्या) डिपेंडन्सीने तो परस्पर सोडून द्यावा, हे काही बरं नाही.

एरर नेमका कोणाचा आहे?

लिनक्सवरचा सगळ्यात नेहमीचा एरर म्हणजे ‘जीलिबसी २.२८ सापडलं नाही’ अशा अर्थाची ओळ. जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, उलट मात्र चालेलच असं नाही. तिच्या प्रत्येक फंक्शनला व्हर्जनचा शिक्का असतो आणि लिंकर (कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं साधन) बिल्ड मशीनवर उपलब्ध असलेला सर्वांत नवा शिक्का उचलतो. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ आहे, उबुंटू १८.०४ वर २.२७, उबुंटू २०.०४ वर २.३१ आणि २२.०४ वर २.३५. म्हणजे २२.०४ वर बांधलेली बायनरी (प्रोग्रामची तयार फाइल) १८.०४ वर नेली तर बहुतेक वेळा आपटणारच, मग त्यात नवी लायब्ररी असो वा नसो.

इथे बरेच जण चुकीच्या आरोपीला धरतात. जीलिबसी २.३४ मध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा शिक्का मिळाला. त्यामुळे २.३४ किंवा त्यापुढच्या मशीनवर नेहमीच्या पद्धतीने बांधलेला अगदी एका ओळीचा प्रोग्रामसुद्धा किमान २.३४ मागतो. बिल्ड सर्व्हरची इमेज ‘लेटेस्ट’वर ठेवली असेल आणि एका सकाळी ती पुढच्या उबुंटूवर गेली, तर दोष त्या आठवड्यात आलेल्या बिचाऱ्या लायब्ररीच्या माथी बसतो. म्हणून लायब्ररी मागे घेण्याआधी ऑब्जडंप या साधनाने बायनरीतली डायनॅमिक सिम्बॉल, म्हणजे ती बाहेरून मागते त्या फंक्शनांची नावं, काढा आणि सर्वांत वरचा जीलिबसी शिक्का बघा. तो कुठल्या फाइलमध्ये आहे, आपल्या बायनरीत की सोबत दिलेल्या लायब्ररीच्या एखाद्या डॉट-एसओ फाइलमध्ये, यावरून निम्मं निदान तिथेच होतं.

उपाय: जो सर्वांत जुना प्लॅटफॉर्म सांभाळायचा आहे त्याच्यावर, किंवा त्याच्या कंटेनरमध्ये (त्या सिस्टीमच्या फाइलींसह वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात), बिल्ड करा. पायथॉनच्या जगात मेनीलिनक्स ही पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. मेनीलिनक्स २०१४ म्हणजे सेंटओएस ७ आणि जीलिबसी २.१७ चा पाया, तर मेनीलिनक्स २.२८ चा पाया आल्मालिनक्स ८. कंपायलर जुना नको असेल तर रेड हॅटचे डेव्हटूलसेट आहेत: कंपायलर नवा, जीलिबसी जुनी, आणि सी प्लस प्लसच्या लायब्ररीतला जुन्या सिस्टीमवर नसलेला भाग स्टॅटिक पद्धतीने बायनरीतच. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर पूर्ण स्टॅटिक (सगळं एकाच फाइलमध्ये) बिल्ड हाही मार्ग आहे, फक्त होस्टची नावं शोधण्याचं वर्तन जीलिबसीपेक्षा वेगळं असतं आणि प्लगइन रनटाइमला लोड करता येत नाहीत, हे आधी तपासून घ्या. नव्या सिस्टीमवरची जीलिबसी उचलून जुन्या मशीनच्या सिस्टीम फोल्डरमध्ये टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या मशीनवरची लॉगिनसुद्धा बंद पडू शकते.

विंडोजवर चित्र वेगळं दिसतं. ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट सापडला नाही’ अशी खिडकी येते आणि त्यात गेट-सिस्टीम-टाइम-प्रिसाइज-ॲज-फाइल-टाइम असं लांबलचक नाव असतं. हे फंक्शन विंडोज ८ पासून आलं, विंडोज ७ वर ते नाहीच. बहुतेकदा ते तुम्ही जोडलेल्या लायब्ररीने मागितलेलं नसतं; भाषेचा रनटाइम (प्रोग्राम चालवणारा भाग) किंवा कंपायलर पुढे गेलेला असतो. पायथॉन ३.९ विंडोज ७ वर चालत नाही, गो १.२१ ला आणि रस्ट १.७८ ला विंडोज १० लागतं, डेस्कटॉप ॲप बनवायच्या इलेक्ट्रॉनच्या २३ ने विंडोज ७, ८ आणि ८.१ तिन्ही सोडले. हरवलेली डीएलएल (विंडोजवरची लायब्ररी फाइल) कुठल्यातरी डाउनलोड साइटवरून आणून टाकणं हा उपाय नाही, तो नवा धोका आहे.

जावाचा एरर त्या मानाने प्रामाणिक. क्लास फाइलचा (कंपाइल झालेल्या जावा कोडच्या फाइलचा) आकडा तो सरळ सांगतो, आणि त्यातून ४४ वजा केले की जावाचं व्हर्जन मिळतं: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. जावा ८ वर स्प्रिंग बूट ३ किंवा मोकिटो ५ आणली की हाच आकडा दिसतो, कारण पहिलीला १७ लागतं आणि दुसरीला ११. लबाड प्रकार वेगळाच आहे: क्लास फाइल ५२ चीच असते, प्रोग्राम सुरूही होतो, आणि मध्येच बाइटबफरच्या ‘फ्लिप’वर ‘असं मेथडच नाही’ म्हणून पडतो. जावा ९ मध्ये त्या मेथडचा परतीचा प्रकार बदलला. नव्या जेडीकेवर (जावाच्या कंपायलर-संचावर) नुसतं सोर्स-टार्गेट ८ दिलं तर कंपायलर नव्याच मेथडशी जोडणी करतो. त्याऐवजी ‘रिलीज’ हा पर्याय ८ ला लावला की कंपायलर जावा ८ ची यादी बघून काम करतो आणि हा घोळ उरत नाही.

अँड्रॉइडवर बिल्डच अडतं: लायब्ररीचं मिन-एसडीके (किमान अँड्रॉइडचा आकडा) २१ आणि ॲपचं १९, म्हणून दोघांच्या मॅनिफेस्ट (माहितीच्या) फाइल एकत्र होत नाहीत. एरर स्वतःच ‘ओव्हरराइड लायब्ररी’ची वाट सुचवतो आणि घाईत ती सगळे घेतात. त्याने एरर गप्प होतो, लायब्ररी काही जुन्या फोनवर चालायला लागत नाही. जुन्या फोनवर त्या लायब्ररीला हातच लागणार नाही अशी अट कोडमध्ये घालणार असाल तरच तो पर्याय वापरा.

आणि एक प्रकार असा की त्यात कोणतीच लायब्ररी बदललेली नसते. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ या रूट प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) १.०.२ असलेल्या कितीतरी सर्व्हरवरून लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं वापरणाऱ्या साइटशी जोडणी तुटली. नवी मूळ प्रमाणपत्रं हाताशी असूनही ते जुनं ओपनएसएसएल मुदत संपलेल्या साखळीच्याच मागे जायचं. ‘कालपर्यंत चालत होतं आणि आम्ही काहीच केलं नाही’ हे वाक्य खरं असू शकतं.

पायथॉनची दोन प्रकरणं

ही दोन जरा सविस्तर, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी यांच्यापैकी एकीच्या साच्यातल्या असतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये क्रिप्टोग्राफी पॅकेजचं ३.४ आलं आणि ते सोर्सपासून बांधायला रस्टचा कंपायलर लागू लागला. तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) मिळणाऱ्यांना काही कळलंही नाही. अडकले ते दोन गट. पहिला गट जुना पिप (पायथॉनचं पॅकेज बसवणारं साधन) वापरणाऱ्यांचा: त्या पिपला नवी व्हील ओळखता येत नव्हती, म्हणून ते सोर्स उतरवून बांधायला जायचं आणि रस्ट नाही म्हणून थांबायचं. एरर रस्टबद्दल, उपाय मात्र पिप अपडेट करणं एवढाच. दुसरा गट अल्पाइन लिनक्सवाल्यांचा. तिथे मसल आहे, जीलिबसीसाठीची व्हील चालत नाहीत, म्हणजे दर कंटेनर बिल्डमध्ये कंपायलर आणणं आलं. शिवाय अल्फा, पीए-रिस्क, आयए-६४ यांसारख्या आर्किटेक्चरवर तेव्हा वापरण्याजोगा रस्टच नव्हता. त्यांना पुढची वाटच उरली नाही. लेखकांचं कारण पटण्यासारखं होतं, बाहेरून आलेला डेटा वाचणारा कोड मेमरीच्या दृष्टीने सुरक्षित भाषेत असावा. तरी नवी लायब्ररी जोखताना हे ध्यानात ठेवा: ती चालायला काय लागतं याच्याइतकंच ती बांधायला काय लागतं हेही महत्त्वाचं.

दुसरं प्रकरण २०२३ मधल्या यूआरएललिब३ च्या २.० चं. तिला ओपनएसएसएल १.१.१ किंवा पुढचं लागतं. सेंटओएस ७ वर १.०.२ आहे. गंमत अशी की प्रोजेक्टच्या यादीत यूआरएललिब३ चं नावच नसतं. यादीत असते रिक्वेस्ट्स, वेबवरून माहिती आणणारी लायब्ररी, आणि ती आतून यूआरएललिब३ वापरते. रिक्वेस्ट्सने २.० चालेल असं सांगितलं आणि पुढच्या नव्या इन्स्टॉलमध्ये ती खालून घुसली. ‘आम्ही काहीच केलं नाही’चा हा दुसरा अवतार.

नवी लायब्ररी आणली कोणी?

शेवटच्या चालणाऱ्या रिलीजची आणि आत्ताची लॉकफाइल (प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल) समोरासमोर ठेवा. फरकाच्या यादीतलं प्रत्येक नाव कोणामुळे आलं हे विचारायला सगळ्या साधनांत सोय आहे: एनपीएममध्ये ‘एक्सप्लेन’, कार्गोमध्ये उलटं झाड, गोमध्ये ‘मॉड व्हाय’, मेवेनमध्ये डिपेंडन्सी ट्री, ग्रेडलमध्ये डिपेंडन्सी इनसाइट. यादी लांब असेल तर कोडवर करतो तसं लॉकफाइलवर गिट बायसेक्ट (निम्मं-निम्मं करत दोषी बदल शोधणं) चालवा, पण चालवा जुन्या प्लॅटफॉर्मवरच. लॉकफाइलच नसेल तर आजचं निदान आजच्यापुरतं. उद्याचा इन्स्टॉल वेगळा असेल.

या शोधात एक गोष्ट हटकून दिसते: किमान प्लॅटफॉर्म वाढवणारा बदल कित्येकदा मेजर व्हर्जनमध्ये (पहिला आकडा बदलतो त्यात) येतच नाही. एपीआय (लायब्ररी बोलावण्याची पद्धत) मोडलं नाही, मग मायनरमध्ये (दुसऱ्या आकड्यात) चालेल, असं बऱ्याच प्रोजेक्टचं धोरण असतं; रस्टच्या कितीतरी क्रेटमध्ये (लायब्ररींमध्ये) किमान कंपायलर वाढवणं मायनर बदलच मानतात. आपण मात्र ‘मेजर तेच असलं की सुरक्षित’ असं धरून रेंज मोकळी ठेवतो. व्हर्जनचा आकडा एपीआयबद्दल बोलतो. प्लॅटफॉर्मबद्दल तो बोलेलच असं नाही.

तात्पुरता इलाज

वरची मर्यादा घाला, यूआरएललिब३ दोनच्या खाली अशा प्रकारची. आणि त्याच ओळीला कॉमेंट लिहा: कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी, आणि काय झालं की काढायची. कॉमेंट नसलेल्या मर्यादा वर्षानुवर्षं तशाच राहतात, कारण त्यांना हात लावायची कोणाची छाती होत नाही. हे फक्त ॲप्लिकेशनसाठी. तुम्ही स्वतः लायब्ररी प्रकाशित करत असाल तर अशी मर्यादा तुमच्या वापरकर्त्यांच्या गळ्यात पडते आणि दोन लायब्ररींच्या मर्यादा एकमेकींशी भांडू लागतात.

मर्यादा घालताना त्या जुन्या शाखेला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात का, ते आत्ताच बघून ठेवा. अँड्रॉइडवर नेटवर्कसाठी वापरतात त्या ओकेएचटीटीपी लायब्ररीने ३.१३ ला अँड्रॉइड ५ ची अट घातली तेव्हा जुन्या फोनसाठी ३.१२ ची शाखा काही काळ चालू ठेवली होती. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे (नोंदी लिहिणाऱ्या) लायब्ररीत सापडलेल्या सुरक्षेच्या छिद्राच्या प्रकरणात जावा ८ साठी २.१७.१, जावा ७ साठी २.१२.४ आणि जावा ६ साठी २.३.२ अशा वेगळ्या दुरुस्त्या निघाल्या. इतकी काळजी सगळेच घेत नाहीत. जुनी शाखा बेवारस असेल तर मर्यादा घातली त्या दिवसापासून तिच्या सुरक्षेचं ओझं तुमच्या डोक्यावर आहे.

घ्यायची की नाही

आता खरा प्रश्न. नवी लायब्ररी हवी आहे आणि तिने जुना प्लॅटफॉर्म जाणार आहे.

मी आधी लायब्ररीतलं काय वापरणार आहे ते बघतो. एक-दोन लहान फंक्शनं हवी असतील तर ती स्वतः लिहावीत. त्यासाठी शंभर फाइलींचं झाड आणणं हा आळस आहे. पण एन्क्रिप्शन, टाइमझोन, युनिकोड, इमेज उलगडणं या गोष्टी घरी लिहू नयेत. तिथे लायब्ररीसाठी प्लॅटफॉर्म सोडणं परवडतं, उलटं परवडत नाही.

मधला मार्ग असतो आणि तो फार कमी वापरला जातो: लायब्ररी ऐच्छिक करणं. बिल्डच्या वेळी पर्याय द्या, किंवा रनटाइमला ती आहे का बघून लोड करा आणि नसेल तर तेवढी सोय बंद ठेवा. कर्ल (नेटवरून डेटा आणणारं साधन) वर्षानुवर्षं हेच करतं. मूळ कोड सी८९ या जुन्या सी प्रमाणात, टीएलएस (सुरक्षित जोडणी), कॉम्प्रेशन आणि बाकीच्या सोयी बिल्ड करताना निवडायच्या. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसने तर बाहेरच्या लायब्ररी टाळून सी लायब्ररीतल्या मोजक्या फंक्शनांवर भागवलं आहे आणि २०५० पर्यंत सांभाळण्याचा इरादा जाहीर केला आहे. अर्थात या मार्गाला किंमत आहे. दोन वाटा म्हणजे दोन्ही टेस्ट करणं आलं. दुसरी वाट टेस्ट होणार नसेल तर ती नसलेली बरी.

मग जुन्या प्लॅटफॉर्मवर खरोखर कोण आहे ते बघा. त्यांना बदलता येतं का, हा प्रश्न ‘ते किती आहेत’ याच्याइतकाच मोठा आहे. व्हीएस कोड या एडिटरने जानेवारी २०२४ च्या १.८६ मध्ये किमान जीलिबसी २.२८ केली आणि उबुंटू १८.०४, सेंटओएस ७ अशा सर्व्हरशी रिमोट जोडणी बंद झाली. वापरकर्त्यांचे लॅपटॉप नवेच होते, पण पलीकडचा सर्व्हर त्यांच्या हातात नव्हता. काही दिवसांतच १.८६.१ मध्ये इशारा दाखवून जोडणी पुन्हा सुरू झाली आणि लोकांना वर्षभराची मुदत मिळाली. तांत्रिक निर्णय बरोबर, पण सूचना आणि मुदत आधी द्यायला हवी होती, असं माझं मत.

उलट बाजूही मांडतो, कारण जुनं सांभाळण्याच्या हौसेलाही मर्यादा हवी. विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. ज्या सिस्टीमला तिचा उत्पादकच सुरक्षेच्या दुरुस्त्या देत नाही आणि जी नेटवर्कवर आहे, तिच्यासाठी आपण नवी लायब्ररी रोखून धरणं म्हणजे बाकीच्या सगळ्यांनाही जुन्या, छिद्र असलेल्या कोडवर थांबवणं. प्रयोगशाळेतल्या एखाद्या यंत्राला जोडलेला, नेटवर्कबाहेरचा संगणक असेल तर गोष्ट वेगळी. पण त्याला नवं व्हर्जन तरी कशाला हवं? त्याला जुनं, गोठवलेलं इन्स्टॉलर मिळत राहिलं की पुरे.

कायमचा बंदोबस्त

मर्यादा एका फाइलमध्ये लिहा: किमान जीलिबसी, किमान विंडोज, किमान मॅकओएस, किमान पायथॉन किंवा जावा, आणि प्रत्येकासमोर ती कधी वर जाईल याचा नियम. पायथॉनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या मंडळींनी २०१९ मध्ये हे नियमानेच बांधून टाकलं: गेल्या ४२ महिन्यांत आलेली पायथॉन व्हर्जन सांभाळायची. असा नियम असला की दर लायब्ररीच्या वेळी वाद घालावा लागत नाही, तारीखच उत्तर देते.

तीच मर्यादा मशीनला कळेल अशीही नोंदवा. पायथॉनमध्ये रिक्वायर्स-पायथॉन नीट भरलेलं असेल तर पिप जुन्या पायथॉनवर आपोआप जुनं, चालणारं व्हर्जन निवडतो. रस्ट १.८४ पासून कार्गोचा नवा रिझॉल्व्हर रस्ट-व्हर्जनची नोंद बघून जुळणाऱ्या क्रेटना प्राधान्य देतो. एनपीएमचं ‘इंजिन्स’ मात्र मुळात फक्त इशारा देतं. स्ट्रिक्ट केल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

मग बिल्ड सर्व्हरवर सर्वांत जुन्या प्लॅटफॉर्मचा एक जॉब ठेवा. त्यात नुसतं बिल्ड पुरत नाही, प्रोग्राम सुरू करून एखादं खरं काम करवून घ्या. शिवाय बायनरीतला सर्वांत वरचा जीलिबसी शिक्का ठरलेल्या आकड्यापेक्षा मोठा निघाला की जॉब फेल, अशी छोटी स्क्रिप्ट लावा. पायथॉन व्हीलसाठी ऑडिटव्हील हे काम करतं.

कंटेनरबद्दल एक सावधगिरी. जुना कंटेनर म्हणजे जुनं मशीन नव्हे, कारण कर्नल (सिस्टीमचा गाभा) होस्टचाच, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनचाच असतो. जुन्या कर्नलवर नसलेला सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) तिथे पकडला जात नाही. त्यासाठी व्हर्च्युअल मशीन लागतं. ‘सगळं नव्या कंटेनरमध्ये घालू, मग होस्ट कितीही जुना असो’ हेही पूर्ण खरं नाही. जीलिबसी २.३४ थ्रेड बनवताना क्लोन३ हा नवा कॉल वापरून बघते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या २०.१०.१० च्या आधीचा सुरक्षा फिल्टर त्याला ‘असा कॉल नाही’ऐवजी ‘परवानगी नाही’ असं उत्तर द्यायचा, आणि जीलिबसी जुन्या कॉलकडे वळण्याऐवजी तिथेच हरायची. नवी इमेज जुन्या डॉकरवर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून पडत असेल तर आधी डॉकरचं व्हर्जन बघा.

शेवटी सोडायचं ठरलंच, तर ते मेजर व्हर्जनमध्ये करा आणि जुन्या शाखेला सुरक्षेच्या दुरुस्त्या कुठवर मिळतील ती तारीख आधी जाहीर करा. इन्स्टॉलरमध्ये सिस्टीमचं व्हर्जन तपासून साध्या शब्दांत नकार द्या. आणि ऑटो-अपडेट असेल तर त्याच्याकडे सर्वांत आधी बघा, कारण खरं नुकसान तिथेच होतं: जुन्या मशीनवर व्यवस्थित चालणारं व्हर्जन आपोआप पुसून त्याच्या जागी न चालणारं बसतं, आणि परत जायला अपडेटरही उरत नाही. मॅकवरच्या स्पार्कल या अपडेटरमध्ये प्रत्येक अपडेटसोबत किमान सिस्टीम व्हर्जन लिहायची सोय आहे. त्याखालच्या मशीनला ते अपडेट दाखवलंच जात नाही. तुमचा अपडेटर स्वतः लिहिलेला असेल तर त्याने विचारणा करताना सिस्टीमचं व्हर्जन पाठवावं आणि सर्व्हरने त्यानुसार जुन्या शाखेतलं शेवटचं रिलीज द्यावं. ही सोय मर्यादा वाढवण्याच्या किमान एक रिलीज आधी लोकांच्या मशीनवर पोचलेली असली पाहिजे.